निळ्या दोऱ्याचा जबडा

तीर्थस्वरूप दादांच्या पायाशी धाकट्याचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण माझी कंबर एकदा जमिनीला लागली की उठवायला दोन माणसं लागतात आणि आत्ता घरात एकच आहे, तेही साडेपाच वर्षांचं. तेव्हा तूर्त कागदावरच वाकतो, गोड मानून घ्यावा.) तुमची प्रकृती कशी आहे? गुडघे जिना चढू देतात का? वहिनींचा खोकला दर थंडीत उसळतो तसा याही वर्षी उसळला का? सकाळचं फिरणं चालू आहे, की अजून 'उद्यापासून' आहे? खालच्या दातांचं मुद्दामच विचारत नाही. ते शेवटी विचारीन, कारण सगळं पत्र त्यांच्यासाठीच आहे आणि धीर गोळा करायला मला तीन-चार पानं लागतील.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच केराच्या टोपलीत टाकाल, या भीतीने पत्ता नातीकडून लिहून घेतला. ती अजून अक्षरं काढते, लिहीत नाही. त्यामुळे तुमच्या घराचा नंबर आरशात पाहिल्यासारखा उलटा आला आहे आणि गावाचं नाव जागा न पुरल्याने पाकिटाच्या पाठीवर गेलं आहे. एवढं करूनही पत्र पोचलं असेल तर तुमच्या पोस्टमनला माझा नमस्कार सांगा, असा माणूस लाखात एक. दादा, सहा वर्षं आपण बोललो नाही. लहानपणी मी तुम्हाला 'तू' म्हणायचो. अबोला धरला आणि मनातल्या मनात भांडतानासुद्धा तुमचं 'तुम्ही' झालं. (मनातल्या भांडणात मीच जिंकतो. सहा वर्षांत एकदाही हरलो नाही, त्यामुळे त्यात काही मजा उरली नाही.) पण आज मला एक बातमी सांगितल्याशिवाय राहवत नाही, नाहीतर पोट फुटेल. तुमचं बरोबर होतं. दोष दातांतच होता. थांबा, हे पत्र वहिनींना दाखवायला आत धावू नका. आधी पुढचं वाचा, कारण मी केलं ते नुसता दोष म्हणण्याच्या पलीकडचं आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, याला शेंडा ना बुडखा. आमची मुलगी इस्पितळात परिचारिका आहे, सध्या तिची सकाळची पाळी. जावई जहाजावर. आणि नातीच्या बालवाडीचं छत गळायला लागलं म्हणून बालवाडी तीन आठवडे बंद. घरात आमच्या हिचे हात कामात गुंतलेले, म्हणून नात माझ्याबरोबर कारखान्यात यायला लागली. (कारखाना म्हणजे तीच खोली. पुढे दंतवैद्यबाईंचा दवाखाना, मागे मी, मधल्या बोळात रोग्यांसाठी लांब बाकडं. फक्त आता खिडकीला जाळी आहे, कारण मागच्या वर्षी एक मांजर कुणाचा तरी वरचा जबडा घेऊन पसार झालं होतं.) नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. का म्हणतो ते पाच मिनिटं तिच्याजवळ बसलं की कळतं. त्यात सध्या तिचा खालचा पुढचा दात हलतोय. आयुष्यात पहिल्यांदाच दात हलतोय म्हटल्यावर तिच्या अंगात राजेशाही संचारली आहे. रस्त्यात भेटेल त्याच्यासमोर उभी राहते, तोंड उघडते, जिभेने दात पुढे ढकलते आणि विचारते, "माझा हलतोय. तुझा हलतो का?" वय, हुद्दा, कपडे काही बघत नाही, सरसकट 'तू'.

आणि माझ्या धंद्याचा पहिला नियम तुम्हाला ठाऊक आहे: अळीमिळी गुपचिळी. कवळी वापरणारा माणूस एक वेळ स्वतःचं वजन सांगेल, पण कवळीचं नाव काढणार नाही. म्हणून बावीस वर्षांत मी एकाही साच्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं नाही. दंतवैद्यबाई तोंडात लगदा भरून माप घेतात, मी त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतो, वरचा एक, खालचा एक, आणि दोघांना एका रंगाचा दोरा बांधतो. कोणता रंग कुणाचा ते फक्त माझ्या डोक्यात. दवाखान्यातल्या झाडूवालीलासुद्धा कळू नये की हा जबडा कुणाचा आहे. या गुप्ततेचा मला केवढा अभिमान होता, दादा. लोक माझ्याकडे दात करायला यायचे ते माझ्या हातासाठी नाही, माझ्या मिटलेल्या तोंडासाठी, असं मी छातीवर हात मारून सांगायचो.

पहिल्याच दिवशी भिंगरीने या अभिमानाचा भुगा केला. बाकड्यावर कोर्टातले एक बडे वकील बसले होते. या वकिलांची वरची कवळी मी नऊ वर्षांपूर्वी केली, आणि ती आहे हे त्यांच्या बायकोलाही माहीत नाही (कसं जमवलं देव जाणे; रात्री तोंडावर रुमाल टाकून झोपतात म्हणे). भिंगरी त्यांच्यासमोर उभी राहिली, दात हलवून दाखवला आणि तुझे कुठले हलतात म्हणून विचारलं. मी आत हातात तापलेलं मेण घेऊन उभा, जागच्या जागी थिजलो. वकीलसाहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि खट्कन वरची पूर्ण फळी काढून तिच्यापुढे धरली. भिंगरीने श्वास रोखला. मग इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की दंतवैद्यबाई यंत्र बंद करून बाहेर आल्या. सगळे एकदम निघतात म्हणजे तू जिंकलास, असा निकाल तिने दिला. नऊ वर्षांत त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पाहिला नव्हता. जाताना ते मला म्हणाले, आज घरी सांगून टाकतो. (सांगितलं. बायको म्हणाली, मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.)

मी भिंगरीला बजावलं, असं कुणाला विचारायचं नसतं. ती म्हणाली, का? दादा, पन्नास वर्षं माणसांत वावरलेल्या या माणसाने 'मोठी झालीस की कळेल' हे आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. तिने मान डोलावली आणि पाच मिनिटांत दारातल्या फुलवालीचे दोन दात उघडकीला आणले.

आता जरा आपल्याकडे वळतो. इथे माझी लेखणी अडखळते आहे, पण वळतो. बसस्थानकावर तीस वर्षं तुम्ही गाड्या पुकारल्या. तुमचा आवाज कसा, तर फलाटावर गाढ झोपलेला माणूस डोळे मिटूनच उठून बरोबर गाडीत चढायचा. निवृत्तीचा समारंभ आमच्या गावी, विभागीय कार्यालयात होता; त्याला नवे दात हवेत म्हणून तुम्ही माझ्याकडून खालची कवळी करून घेतलीत. गडबड होती. घालून बघायलाही वेळ नव्हता, आदल्या संध्याकाळी दिली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही भाषणाला उभे राहिलात. 'मित्रहो' म्हणालात आणि कवळी सरळ पाण्याच्या पेल्यात. दुसरा कुणी असता तर लाजेने मेला असता. तुम्ही पेल्यातून ती उचललीत, ध्वनिक्षेपकात तोंड घातलंत आणि नेहमीच्या आवाजात पुकारलंत, की माझ्या धाकट्या भावाने बनवलेली गाडी फलाटावरून सुटलेली आहे. सगळं सभागृह लोळलं. आज मलाही हसू येतंय. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभा राहून सगळ्यांसमोर ओरडलो की दातांत दोष नाही, जबडा वाकडा आहे, आणि जन्मभर वाकडं बोलल्यावर दुसरं काय होणार. ते हसणं जे थांबलं ते आपल्या दोघांत आजतागायत थांबलेलंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, परत जायच्या आधी, तुम्ही कारखान्याच्या दारात आलात. कवळी रुमालात गुंडाळलेली. तुम्ही एवढंच म्हणालात, "एकदा बघ रे." आणि मी मान वर न करता म्हणालो, माझ्या हातून गेलेली वस्तू मी परत बघत नाही. हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा मागे घेतलं, फक्त तुम्हाला ऐकू येईल असं घेतलं नाही.

मामेभाऊ मध्ये येऊन गेला. तो म्हणाला, तुम्ही हल्ली फारसं बोलत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसता, आणि कवळी तोंडात कमी अन् सदऱ्याच्या खिशात जास्त असते. मी विचारलं, दुसऱ्या कुणाकडून करून का घेत नाहीत? तर तो म्हणाला, विचारलं होतं, दादा म्हणाले घरात दात करणारा असताना बाहेर कशाला जायचं. दादा, त्या दिवशी मी जेवलो नाही. तुमच्यावर रागावून जेवलो नाही असं हिला सांगितलं.

तर आता भिंगरीचा पराक्रम. बाकड्यावर जायला बंदी केली म्हणून तिने माझ्या फळीवरचे जुने साचे खाली काढले. मी सगळे साचे जपून ठेवतो हे तुम्हाला माहीत आहे (ही म्हणते, दुसऱ्यांच्या घरात पुस्तकं असतात, आमच्याकडे जबडे). बालवाडीत तिला 'जोड्या लावा' शिकवतात. ती जमिनीवर बसकण मारून वरचा जबडा खालच्यावर ठेवून जोड्या लावू लागली. मी म्हटलं, लावू दे, तेवढीच शांतता. तासाभराने पाहतो तर चाळीस जोड्या ओळीने मांडलेल्या, आणि त्यांतल्या दोन रंग सोडून लावलेल्या. निळ्या दोऱ्याच्या वरच्याखाली हिरव्या दोऱ्याचा खालचा, आणि हिरव्याच्या वरच्याखाली निळा. मी म्हटलं, चुकलीस, एका रंगाचे दोघं एकत्र ठेवायचे. तिने ठेवून दाखवले. म्हणाली, "आजोबा, रंग बरोबर आहे पण हे डुगडुगतात. डुगडुगलं की दुखतं. मला माहीत आहे ना." आणि जिभेने आपला दात हलवून दाखवला.

निळा दोरा तुमचा होता, दादा. मी गुडघ्यावर बसलो. हिरव्या दोऱ्याचा खालचा साचा हातात घेतला आणि त्याच्या डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला. तिथे खळी आहे. ती खळी जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे, कारण सात वर्षांचा असताना मी झोपाळा जोरात सोडला होता आणि त्याची फळी तुमच्या जबड्यावर बसली होती, आणि मला मार बसू नये म्हणून तुम्ही घरी सांगितलं होतंत की पायरीवर पडलो. म्हणजे काय झालं, तर तुमचं माप घेतलं त्या संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली, ओल्या प्लास्टरवर दोरे बांधताना, निळा आणि हिरवा माझ्या डोळ्यांना एकसारखे दिसले आणि खालच्या साच्यांची अदलाबदल झाली. मी तुम्हाला दुसऱ्याच माणसाची कवळी दिली. आणि त्या दुसऱ्याला तुमची. नाव लिहिलं असतं तर झालं नसतं. गुप्ततेसाठी बांधलेला दोरा माझ्याच गळ्याशी आला.

आता तो हिरव्या दोऱ्यावाला कोण? तर आमच्या गल्लीच्या टोकाचे मुख्याध्यापक. अत्यंत सभ्य गृहस्थ. सहा वर्षं रोज संध्याकाळी माझ्या दारावरून जातात, मी विचारतो, दात कसे आहेत, ते म्हणतात, उत्तम. दुसरा शब्द नाही. त्या 'उत्तम'च्या जोरावर तर मी तुमच्याशी मनात भांडत होतो, की बघा, त्याच आठवड्यात केलेली दुसरी कवळी उत्तम चालली आहे. आणि मी काय केलं असेल? सगळे साचे उचलले, फळीवर मागच्या रांगेत ढकलले, आणि ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. हो. तेच ठरवलं. साठीला आलेला माणूस, पण बरणी फोडून तुकडे पलंगाखाली सरकवणाऱ्या पोराची अक्कल. भिंगरीला सांगितलं, हे आपलं गुपित. ती म्हणाली, बरं. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. मुख्याध्यापक दोनदा दारावरून गेले, दोनदा 'उत्तम' म्हणाले, आणि दोन्ही वेळा मी चोरासारखा पॉलिशच्या चाकामागे तोंड लपवलं.

तिसऱ्या दिवशी भिंगरी दारात उभी होती. (गुपित म्हणजे काय, असं तिने नंतर मला विचारलं. शब्द तिला आवडला होता, अर्थ माहीत नव्हता.) मुख्याध्यापक आले, मी विचारायच्या आधीच 'उत्तम' म्हणाले आणि पुढे निघाले. भिंगरीने त्यांच्या कोटाचं टोक धरलं. म्हणाली, तुझ्या तोंडात दुसऱ्याचे दात आहेत, आजोबांचं चुकलंय. जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं मला वाटलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पुन्हा तेच म्हणाले, नाही बाळ, उत्तम आहेत. तिला काही पटलं नाही. म्हणाली, माझा हलतो तेव्हा दुखतं, मी सांगते, मग आजोबा फुंकर घालतात. तू सांगत नाहीस का? तो सहा फुटी माणूस हळूच बाकड्यावर टेकला. टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि म्हणाला, "दुखतात गं. सहा वर्षं दुखतायत." भिंगरी बाकड्यावर चढली आणि तिने त्यांच्या गालावर फुंकर घातली.

मग काय विचारता. बांध फुटला. सहा वर्षं हा माणूस दुधात बुडवलेल्या पावावर जगतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तक्रार का केली नाही, तर मला वाईट वाटेल म्हणून. एकाने खरं सांगितलं तर मी त्याच्याशी अबोला धरला, दुसऱ्याने खोटं सांगितलं तर त्याला रोज नमस्कार केला, अशी माझी बुद्धी. गंमत पुढेच आहे. हे मुख्याध्यापक पूर्वी शाळेत असे गरजायचे की खडू पडायचे. कवळी आल्यापासून ओरडलं की ती पुढे यायची, म्हणून ओरडणं बंद झालं. हळू बोलायला लागले. हळू बोलतात म्हणून मुलं जवळ येऊन ऐकायला लागली. जवळ आली म्हणून ते मुलांना नावाने ओळखायला लागले. आज त्या शाळेतली पोरं सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यांच्या घरी जातात. हे सगळं तुमच्या दातांनी केलं, दादा. मला म्हणाले, दुखणं जाऊ दे, पण ओरडणं परत आलं तर काय करायचं? भिंगरीने सांगितलं, ओरडू नकोस. इतका सोपा उपाय त्यांना सुचला नव्हता.

आम्ही तिघं असे हसलो की बाकड्यावरचे बाकीचे रोगी सरकत सरकत जवळ आले. गोष्ट कळल्यावर एकेकाचं तोंड उघडायला लागलं, शब्दशः. कुणाची दाढ नकली, कुणाची पूर्ण वरची, एका व्यायामशिक्षकाचे तर पुढचे चार (आरोग्यावर व्याख्यानं देतात). जो दाखवील त्याला भिंगरी टाळ्या देते. आता रोज सकाळी बाकड्यावर हाच मेळा. दात दाखवायला नसेल तर माणसं दुसरं काही सांगतात. एक बाई म्हणाल्या, माझे दात खरे आहेत, पण मला एकटीला फार भीती वाटते, आणि फुलवाली म्हणाली, मग रोज इथे येऊन बसत जा. वीस वर्षं ही माणसं त्याच बाकड्यावर एकमेकांशेजारी बसून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत होती, दादा. मीही आतून बघत होतो. हे पोर आलं, तोंड उघडून आपली डुगडुग दाखवली, आणि सगळी मोकळी झाली. मी आता प्रत्येक साच्यावर तेलरंगाने नाव लिहितो, ठळक, आडनावासकट. एकानेही हरकत घेतली नाही. उलट वकीलसाहेब म्हणाले, पदवीही लिहा.

तर कारागिराच्या नात्याने कळवतो की तुमच्या खालच्या जबड्याची नवी कवळी करून देणं माझं कर्तव्य आहे. त्यासाठी नवं माप लागेल, सहा वर्षांत हिरड्या बदलतात. आपल्या सोयीने केव्हाही यावं, घाई नाही. वहिनींना नमस्कार. लोभ असावा असं लिहीत नाही, तो सहा वर्षं कुठे ठेवला आहे ते तुम्हीच सांगावं.

आपला,
धाकटा

ता. क. येताना सध्याची कवळी आठवणीने आणा. ती मुख्याध्यापकांची आहे. तुमची त्यांनी धुऊन, रुमालात बांधून तयार ठेवली आहे, पण माझ्याकडे द्यायला तयार नाहीत. म्हणतात, ज्याच्या दातांनी मी सहा वर्षं बोललो त्याच्याच हातात देईन, आणि त्याने एकदा तरी गाडी पुकारून दाखवली पाहिजे.

ता. क. दुसरा. वर 'घाई नाही' लिहिलंय ते खोडून वाचा.

ता. क. तिसरा. वर पिवळ्या दिव्याचं लिहिलंय ते खरं आहे, पण अर्धंच. तुम्ही रुमाल पुढे करून 'एकदा बघ रे' म्हणालात ना, तेव्हाच काहीतरी चुकलंय हे मला कळलं होतं. म्हणूनच बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. लिहिताना भिंगरीने वाचून दाखव म्हटलं, दाखवलं. ती म्हणाली, मग आता बघ. तेव्हा दाती तृण धरून लिहितो: आणा, मी बघतो.

ता. क. चौथा. आत्ताच ही बाजारातून आली. (आज बुधवार. दर बुधवारी ती दोन तास बाजाराला जाते आणि पिशवीत चार लिंबं घेऊन येते. मला वाटायचं, हिला घासाघीस फार लागते.) भिंगरीने (मागच्या बुधवारी ती आजीबरोबर गेली होती) विचारलं, आजी, आज फोनवर रडलीस की हसलीस? मी म्हटलं, कसला फोन? तर समजलं ते असं. तुमच्या घराचं नाव या घरात काढायचं नाही असा हुकूम मी सोडला त्याच्या पुढच्याच बुधवारपासून ही शिंपीणबाईंच्या दुकानातून वहिनींना फोन करते आहे. सहा वर्षं. भिंगरीने जोड्या लावल्या तेही वहिनींना त्याच आठवड्यात कळलं. तेव्हा वहिनींकडे नीट बघा, त्या आत्ता तुमच्यामागे उभ्या राहून हे वाचत असतील. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या सकाळच्या गाडीची दोन तिकिटं त्यांच्या शिवणाच्या डब्यात आहेत. गाडी कितव्या फलाटावर लागते ते तुम्हाला कुणी सांगायला नको.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवायला भिंगरीला दिलं, तिने दाताने धरलं, आणि दात पडला. रक्त थेंबभर, आनंद घरभर. काडेपेटीत ठेवला आहे, तुम्ही आल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही म्हणते. तिने सांगितलं तसं खाली लिहितो, माझा त्यात एक शब्द नाही:

मोठे आजोबा, तू ये. खिशातले दात खिशातच असू दे. माझाही खालचाच पडलाय.